३४ टक्के, आणि त्यातलं माझं किती?

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मी रिव्ह्यूचा पहिला मसुदा लिहिला. बावीस पानं, ऐंशीच्या वर संदर्भ. तीन आठवडे खोलीत कोंडून घेऊन लिहिलं होतं, त्यामुळे स्वतःवर जरा खूशच होते. मॅडमकडे द्यायच्या आधी ग्रंथालयातून साम्य तपासून घ्यायचं असतं, तसं घेतलं. रिपोर्ट आला: ३४ टक्के.

पानंच्या पानं रंगलेली. लाल, निळं, जांभळं. पहिली प्रतिक्रिया अर्थातच, "अहो, पण मी चोरी केलेली नाही!" आणि ते खोटंही नव्हतं. जवळपास प्रत्येक वाक्यामागे संदर्भ दिला होता, शब्दही बदलले होते. मग हे रंगलं कसं?

मॅडमनी रिपोर्ट उलटापालटा केला, एका लाल वाक्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "वाक्य राहू दे. हा पेपर काय म्हणतो ते मला मराठीत सांग." मी ते वाक्यच मराठीत सांगितलं. "बरं, आणि पुढे?" पुढे काही नव्हतं. त्या पेपरमधलं मला तेवढं एकच वाक्य माहीत होतं.

आजची पोस्ट त्या "आणि पुढे?" बद्दल आहे.

आधी नियम काय आहे ते बघू

यूजीसीने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याबद्दल नियमावली काढली. त्यात साम्याचे टप्पे आहेत. १० टक्क्यांपर्यंत कारवाई नाही. १० ते ४० टक्के असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांत दुरुस्त करून पुन्हा सादर करायचं. ४० ते ६० टक्के असेल तर एक वर्ष सादरच करता येत नाही. ६० च्या वर गेलं तर नोंदणी रद्द. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, श्रेय देऊन केलेली अवतरणं वगैरे यातून वगळतात.

माझा तो मसुदाच होता, म्हणून कारवाईचा प्रश्न आला नाही. पण टक्क्यांची एक गंमत लक्षात घ्या. सॉफ्टवेअर फक्त शब्दांची जुळणी बघतं. वाक्य तुम्हाला समजलंय की नाही, ते त्याला कळत नाही. त्यामुळे ९ टक्के येऊनही काहीच न समजलेला रिव्ह्यू असू शकतो.

ठिगळांची गोधडी

मी जे केलं होतं त्याला नाव आहे हे मला नंतर कळलं: पॅचरायटिंग. म्हणजे मूळ वाक्याचा सांगाडा तसाच ठेवायचा, दोनचार शब्द काढायचे, समानार्थी बसवायचे, क्रियापद थोडं फिरवायचं. ठिगळं जोडून केलेली गोधडीच ती. फक्त कापड दुसऱ्याचं.

हा शब्द रूढ केला रिबेका मूर हॉवर्ड या अमेरिकन प्राध्यापिकेने, १९९० च्या दशकात. तिकडे कॉलेजात लिहायला शिकवणं हा स्वतंत्र विषय आहे. हार्वर्डमध्ये १८८५ पासून पहिल्या वर्षाला लेखनाचा सक्तीचा वर्ग सुरू झाला आणि पुढे ती पद्धत देशभर पसरली. १९४९ पासून या शिक्षकांची स्वतःची परिषदही आहे. त्यामुळे 'विद्यार्थी लिहिताना नेमकं काय करतात' यावर तिथे रीतसर संशोधन होतं.

हॉवर्ड यांचं म्हणणं असं, की पॅचरायटिंग हा दरवेळी अप्रामाणिकपणा नसतो. नवख्या विषयात, नवख्या भाषेत शिरताना माणूस आधी दुसऱ्याची वाक्यं धरून चालतो. पांगुळगाडा असतो ना, तसं. २०१० मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांचे १८ निबंध घेतले आणि प्रत्येक संदर्भ मुळाशी ताडून पाहिला. त्या १८ पैकी एकाही निबंधात मूळ लेखाचा सारांश सापडला नाही. सगळे सुटी वाक्यं उचलत होते. अख्खा लेख वाचून 'याचं एकूण म्हणणं असं आहे' असं कुणीच लिहीत नव्हतं.

हे वाचलं तेव्हा मला मॅडमचं बोट आठवलं.

आम्हाला हे शिकवलं कुणी?

खरं सांगायचं तर आम्हाला उतरवून काढणंच शिकवलं होतं. शाळेत 'विज्ञान: शाप की वरदान' हा निबंध गाईडमधून पाठ करायचा. बी.एस्सी.ला प्रॅक्टिकलचं जर्नल सीनियरच्या जर्नलवरून उतरवायचं. उद्देश, साहित्य, कृती, निष्कर्ष, सगळं तेच. मार्क मिळायचे ते अक्षराला, आकृतीला आणि वेळेत सही घेतल्याबद्दल. पाच वर्षं हे केल्यावर अचानक कुणीतरी म्हणतं, 'आता स्वतःच्या शब्दांत लिही.' आणि तेही इंग्रजीत!

२०१९ च्या अखेरीस यूजीसीने पीएच.डी.ला 'संशोधन आणि प्रकाशन नीतिमत्ता' हा दोन क्रेडिटचा कोर्स सक्तीचा केला. चांगलंच आहे. पण 'चोरी करू नका' हे सांगणं वेगळं आणि 'मग लिहायचं कसं' हे शिकवणं वेगळं.

एक उदाहरण

माझा विषय मातीतल्या जीवाणूंचा आहे. उदाहरणातली वाक्यं मीच तयार केली आहेत. समजा मूळ पेपरमधलं वाक्य असं आहे:

"चुनखडीयुक्त जमिनीत एकूण स्फुरद पुरेसा असूनही तो कॅल्शियमशी बद्ध झाल्याने पिकांना उपलब्ध होत नाही."

माझ्या मसुद्यातलं वाक्य साधारण असं असायचं:

"चुनखडीच्या मातीत एकंदर फॉस्फरस भरपूर असला तरी तो कॅल्शियमसोबत बांधला गेल्यामुळे पिकांना मिळू शकत नाही."

सहासात शब्द बदलले, पण विचार मी कुठे केला? आता हे बघा:

"चुनखडीच्या रानात खत घालूनही पिकाला स्फुरद कमी पडतो, तेव्हा अडचण बहुधा साठ्याची नसते, कुलपाची असते: स्फुरद कॅल्शियममध्ये अडकलेला असतो. म्हणून आम्ही सेंद्रिय आम्लं सोडून तो मोकळा करणारे जीवाणू शोधले."

यातल्या पहिल्या वाक्यालाही संदर्भ द्यावाच लागेल, कारण ती माहिती माझी नाही. पण आता ती माझ्या प्रश्नासाठी राबते आहे. आधीच्या मसुद्यात ते वाक्य नुसतंच येऊन बसलं होतं, का आलंय ते मलाही सांगता आलं नसतं.

प्रस्तावनेचे तीन टप्पे

इथे जॉन स्वेल्स या भाषाशास्त्रज्ञाची फार मदत झाली. शोधनिबंधांच्या प्रस्तावना तपासून त्यांनी १९९० च्या आपल्या पुस्तकात एक साधा आराखडा मांडला. माझ्या भाषेत सांगते. आधी शिवार दाखवा: हा विषय कोणता, महत्त्वाचा का. मग त्यातला पडीक तुकडा दाखवा: इतरांनी काय केलं आणि काय राहून गेलं. मग सांगा, की आम्ही तिथे काय पेरलं.

मी माझी बावीस पानं काढली आणि प्रत्येक परिच्छेदापुढे पेन्सिलने लिहिलं: शिवार, पडीक की पेरणी? जवळजवळ सगळीकडे 'शिवार' आलं. पडीक तुकडा एकही नाही! कसा असेल? इतरांचं काय राहून गेलं हे कळायला त्यांचा पेपर अख्खा वाचावा लागतो. सुट्या वाक्यांतून ते दिसत नाही.

मग मी काय बदललं

एक, पेपर वाचून झाला की फाइल बंद. मग रूममेटला सांगायचा. ती एम.ए. मराठी करत होती, तिला जीवाणूंशी देणंघेणं नाही. ती "म्हणजे?" म्हणाली की समजावं, आपलंच कच्चं आहे.

दोन, लगेच वहीत चार ओळी: यांनी काय विचारलं, कसं तपासलं, काय मिळालं, माझ्या कामाशी याचा संबंध काय. चौथी ओळ लिहिता आली नाही तर तो पेपर रिव्ह्यूत घ्यायचा नाही. असे तीसेक संदर्भ गळाले.

तीन, मसुदा या वहीवरून लिहायचा. मूळ फाइल उघडायची ती शेवटी, फक्त आकडे आणि नावं ताडून बघायला. पेपर मराठीत सांगितल्यामुळे इंग्रजी वाक्याचा सांगाडा आपोआप मोडतो, हा मोठा फायदा. मात्र नुसतं भाषांतर केलं म्हणून मजकूर आपला होत नाही. श्रेय द्यायचंच.

आणि शॉर्टकट?

शब्द बदलून देणारी सॉफ्टवेअर्स आहेत, आता चॅटबॉटही आहेत. टक्के उतरतात. पण २०२१ मध्ये कबानाक, लाबे आणि मगाझिनोव या तीन संशोधकांनी छापून आलेल्या पेपरांमधले चमत्कारिक शब्दप्रयोग उजेडात आणले. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'च्या जागी 'काउंटरफिट कॉन्शसनेस', 'ब्रेस्ट कॅन्सर'च्या जागी 'बूझम पेरिल'! साम्य टाळायला यंत्राने समानार्थी शब्द टाकले, असा त्यांचा निष्कर्ष. लिहिणाऱ्याने ते वाचलं तरी होतं का, असा प्रश्न पडतो.

माझा रिव्ह्यू पुन्हा लिहायला चार महिने लागले. बावीसची चौदा पानं झाली. साम्य ७ टक्के आलं, आणि तेही बहुतेक पद्धतींच्या नावांचं. मॅडमनी टक्के बघितलेच नाहीत. मधलंच एक पान उघडून म्हणाल्या, "हा पेपर काय म्हणतो?"

मी सांगितलं. "आणि पुढे?" म्हणाल्या. पुढचंही सांगितलं. मग म्हणाल्या, "यांनी आम्लता मोजलेलीच नाही, ते का नाही लिहिलंस?"

तो माझा पडीक तुकडा निघाला. पुढचे प्रयोग त्यावरच उभे आहेत. त्याबद्दल पुढच्या पोस्टमध्ये. तोवर तुमचा मसुदा काढा, परिच्छेदांपुढे पेन्सिलने शिवार, पडीक, पेरणी लिहून बघा, आणि काय निघालं ते मला नक्की कळवा.