ठराव आधी वाचा, मग सही करा



गटाच्या बैठकीला दहा-बाराजणी येतात, पण बोलतात किती? दोघी-तिघी. बाकीच्या मान डोलावतात, सही नाहीतर अंगठा करतात. कर्जाचा ठराव अशाच सह्यांवर होतो. पुढे हप्ता थकला की कोणी म्हणते, "मला तर तेव्हा काही कळलंच नव्हतं."

सगळ्यांना सामावून सभा कशी चालवावी, हे इंग्लंडमधल्या क्वेकर लोकांकडून शिकण्यासारखं आहे. सतराव्या शतकात निघालेला हा ख्रिस्ती पंथ. ते स्वतःला 'मित्र' म्हणवतात. आपल्या वर्ध्याजवळ सेवाग्रामला नई तालीमचं काम करणाऱ्या मार्जोरी साइक्स याच पंथाच्या. बाईनेही सभेत बोलावं, हे या पंथात सुरुवातीपासून मान्य आहे. मार्गारेट फेल या बाईंनी तर १६६६ साली त्यावर पुस्तिकाच लिहिली.

त्यांच्या चार गोष्टी बघा.

१. दारात स्वागत : सभेच्या दारात कोणीतरी उभं असतं. नवीन माणसाशी हात मिळवून आत काय चालतं ते सांगतं. नवख्याला कोपऱ्यात अवघडून बसावं लागत नाही.

२. शब्द जपून : सभासदांची काळजी घेणाऱ्यांना ते पूर्वी 'ओव्हरसियर' म्हणत. गुलामांवर देखरेख करणाऱ्या मुकादमालाही हाच शब्द होता. कोणाला तो टोचू नये म्हणून ब्रिटनमधल्या बऱ्याच सभांनी तो सोडून दिला. आपणही बघू या. 'सीआयएफ', 'एमसीपी' असं भराभर बोललो, तर नव्या ताईला काय कळणार?

३. मध्ये थांबणं : एकाचं बोलून झालं की लगेच दुसरा सुरू होत नाही. थोडा वेळ सगळे गप्प बसतात. हळू बोलणारीला त्यात धीर येतो.

४. ठराव तिथल्या तिथे : ते मतदान घेत नाहीत. सगळ्यांचं ऐकून सभेचा कल काय आहे, ते सभा चालवणारी व्यक्ती तिथेच लिहिते आणि मोठ्याने वाचते. कोणाला पटलं नाही तर शब्द बदलतात, पुन्हा वाचतात. सभेने होकार दिला की मगच पुढचा विषय.

यात वेळ जातो, हे खरं. कधी विषय पुढच्या सभेवरही ढकलावा लागतो. पण झालेला निर्णय सगळ्यांचा असतो. "मला विचारलंच नाही" असं म्हणायला जागा राहत नाही.

पुढच्या बैठकीत एवढं करून बघा. सचिवताईंनी प्रत्येक ठराव लिहून झाल्यावर मोठ्याने वाचावा, थोडं थांबावं आणि गप्प बसलेल्या ताईंना नावाने विचारावं, "तुम्हाला काय वाटतं?" त्यानंतरच वही सहीसाठी फिरवावी. ज्यांना वाचता येत नाही, त्यांचा अंगठाही मग समजून-उमजून उठेल.