पासष्ट मिलिमीटर गेले कुठे?

चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की त्या महसूल मंडळात अतिवृष्टी झाली असे सरकारदरबारी धरतात. पंचनाम्याला हा आकडा पुरतो, विहिरीला पुरत नाही. लोहारा तालुक्यातल्या उताराच्या काळ्या रानात ६५ मिलिमीटर पाऊस रात्रभर बारीक लागून राहिला, तर पाणी जागच्या जागी मुरते. तेवढाच पाऊस ऑगस्टच्या एका दुपारी दोन तासांत कोसळला, तर त्यातला मोठा वाटा गढूळ होऊन ओढ्याला लागतो आणि संध्याकाळपर्यंत तेरणा नदीत जातो. पर्जन्यमापकाच्या दैनिक नोंदीत दोन्ही दिवस सारखेच दिसतात. हवामान बदलाने पाणी किती कमी-जास्त होईल ही चर्चा आपल्याकडे अजून वार्षिक सरासरीच्या भाषेत चालते. या भागात पाण्याचा निकाल लागतो तो मात्र पाऊस कोणत्या तासांत आणि कसल्या जमिनीवर पडला यावर.

हे पाहायला जुन्या, न बांधलेल्या विहिरीची कड पुरेशी आहे. वर हात-दोन हात, कुठे पुरुषभर काळी माती. तिच्याखाली मुरूम, आधी भुसभुशीत, मग घट्ट होत गेलेला. त्याखाली फटी पडलेला काळा दगड, किंवा विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो पांढऱ्या ठिपक्यांचा, बारीक पोकळ्यांचा खडक. मधेच एखादा गेरूचा तांबडा पट्टा लागतो. तो चिकणमातीसारखा असल्याने पाणी त्याच्यावर अडते आणि कडेने पाझरत विहिरीत उतरते. मार्चमध्ये कडेला ओलीची आडवी रेघ दिसते ती बहुधा अशाच सांध्यावर. त्याखाली अखंड पाषाण, आणि तो कोरडा. १९९३ च्या भूकंपानंतर शेजारच्या किल्लारीला शास्त्रज्ञांनी खोल छिद्र घेतले, तेव्हा लाव्ह्याच्या थरांची एकूण जाडी ३३८ मीटर भरली. इतक्या दगडात वर्षागणिक भरणारे आणि रिकामे होणारे पाणी राहते ते मुख्यतः वरच्या दहा-पंधरा मीटरांत.

आता हिशेब. भूजलाच्या अंदाजासाठी नेमलेल्या समितीने १९९७ मध्ये जी मानके दिली, त्यांत बेसाल्टमधून उपसता येण्याजोगे पाणी खडकाच्या आकारमानाच्या सुमारे २ टक्के धरले आहे. म्हणजे दहा मीटर जाडीचा पट्टा काठोकाठ भरला तरी त्यात २०० मिलिमीटर पाणी. त्याच मानकांत पावसातला मुरणारा वाटा झिजलेल्या बेसाल्टसाठी ७ टक्के आणि पोकळ्या-फटींच्या बेसाल्टसाठी १३ टक्के आहे. सातशे मिलिमीटर पावसाचे वर्ष धरले तर मुरले पन्नास ते नव्वद मिलिमीटर, आणि पातळी चढली साधारण अडीच ते साडेचार मीटर. भांडे इतके उथळ असल्यावर एक चांगला आठवडा विहिरीला वर आणतो आणि एक चुकलेला आठवडा पुढच्या उन्हाळ्यात टँकर आणतो. पातळीच्या चढउतारावरून काढलेला अंदाज ताडून पाहायला ठोक टक्केवारी ठीक आहे. पण सात टक्के काय नि तेरा टक्के काय, पाऊस महिनाभर पसरून पडला की तीन दिवसांत संपला, हे त्या आकड्याला कळत नाही.

चुनखडकाच्या प्रदेशाशी तुलना केली की यातला पेच उलगडतो. यवतमाळ-चंद्रपूरकडे वणी, कोरपना, राजुरा या पट्ट्यात चुनखडक आहे, तिथले सिमेंट कारखाने त्याच्याच जिवावर उभे राहिले. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होते आणि हा दगड विरघळवते. जिथे हे काम लाखो वर्षे चालले, तिथे फटींचे भुयार होते, ओढे जमिनीत गडप होतात आणि मैलभर पुढे झरा होऊन बाहेर पडतात. आंध्रातल्या बेलमच्या गुहा याच कामाच्या. जगातल्या सुमारे एक दशांश लोकांचे पिण्याचे पाणी अशा भूभागातून येते. तिथे मुसळधार पावसाचे गणित निराळे असते. पृष्ठभागावर साचलेले पाणी वाहत जाऊन जवळच्या फटीत शिरते आणि उन्हाच्या तावडीतून सुटते. म्हणून युरोप आणि भूमध्य समुद्राभोवतीच्या चुनखडकाच्या अभ्यासांत असे दिसले की जोराच्या पावसाने तिथे पुनर्भरण वाढूही शकते. झरे झपाट्याने फुगतात, झपाट्याने ओसरतात आणि घाण गाळल्याशिवाय आत जाते, ही त्याची दुसरी बाजू. लोहाऱ्याच्या बेसाल्टला विरघळून वाट करून देता येत नाही, आणि त्यावर काळ्या मातीचे झाकण आहे. तापलेल्या हवेत दर अंशाला सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावते. ते एकदम सुटले की चुनखडकात खाली जाते, इथे आडवे पळते.

काळ्या मातीचा स्वभाव इथे नीट पाहायला हवा. मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाची पहिली जोराची सर त्या भेगांतून थेट खाली जाते. चार दिवस काळे रान चुनखडकासारखे वागते म्हणा ना. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी आत घेण्याचा वेग तासाला काही मिलिमीटरवर येतो. आत गेलेले पाणीही लगेच विहिरीचे होत नाही. खोल काळी माती मीटरभरात दीड-दोनशे मिलिमीटर ओल पिकासाठी धरून ठेवते, आणि ती भरल्याशिवाय खालच्या मुरमाला थेंब मिळत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये तीन आठवड्यांचा खंड पडला की सोयाबीन आणि ऊन मिळून ही ओल पिऊन टाकतात आणि भरणा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. म्हणून विहिरी खऱ्या भरतात त्या उत्तरा-हस्ताच्या शांत, लागून राहिलेल्या पावसाने. खंड लांबले आणि मधल्या सरी उग्र झाल्या, तर वर्षाची बेरीज तीच राहूनही विहीर अर्धी राहू शकते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: मराठवाड्याच्या सरासरीत असा काय मोठा फरक पडला आहे? सरासरीवर भिस्त ठेवणाऱ्यांनी इंग्लिस आणि डिसोझा यांचे जुने सूत्र एकदा मांडून पाहावे. १९२९ च्या सुमारास पश्चिम भारतातल्या ५३ ठिकाणच्या प्रवाहमापनावरून त्यांनी ते बसवले. दख्खनच्या पठारासाठी सेंटिमीटरमधल्या पावसातून १७.८ वजा करायचे, उरलेल्याला पुन्हा पावसाने गुणायचे आणि २५४ ने भागायचे. ७० सेंटिमीटरला वाहून येणारे पाणी १४.४ सेंटिमीटर निघते, ४९ ला फक्त ६. पाऊस ३० टक्क्यांनी घटला तर ओढ्याचे पाणी ५८ टक्क्यांनी घटते. मग एक ४९ चे आणि एक ९१ चे, अशा दोन वर्षांची सरासरी ७० येऊन उपयोग काय? पहिल्या वर्षी धरण भरत नाही, दुसऱ्या वर्षी सांडव्यावरून जाते. हे सूत्र वर्षाच्या बेरजेवर चालते, तासाचा जोर त्यात नाही, ही त्याची उणीव मान्य. पण ती उणीव माझ्याच बाजूची आहे. त्याच्याही आधी, १८९२ मध्ये, स्ट्रेंज या अभियंत्याने आजच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागासाठी कोष्टके केली, त्यांत जमीन कोरडी, दमट की ओली असे वेगळे रकाने होते. सव्वाशे वर्षांपूर्वी जे रकान्यात होते, ते आजच्या तालुकावार टक्केवारीत नाही. दरम्यान पाऊस मात्र बदलला: रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत भागावरच्या अतितीव्र पावसाच्या घटना तिपटीने वाढल्या.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. विहिरी आटल्या त्या उसाने आणि बोअरने, आभाळाला कशाला दोष द्यायचा? यात खोटे काही नाही. वरचा पट्टा मार्चमध्येच उपसून टाकायचा आणि मग पाचशे-सातशे फुटांवर जुन्या थरांच्या सांध्यातले पाणी शोधायचे, जे पुन्हा भरायला किती काळ लागेल याचा नेम नाही, हा कारभार माणसाचा आहे. पण उपसा हा खर्च आहे आणि मी बोलतो आहे जमेबद्दल. जमा बेभरवशाची होत असताना उसासारखा बारमाही खर्च अंगावर घेणे परवडत नाही, एवढाच या दोन गोष्टींचा संबंध. उसाकडे बोट दाखवून पावसाची वेळ बिनमहत्त्वाची ठरत नाही.

तिसरे म्हणणे असे की जोराचा पाऊस वाईट कसा, माकणीचे निम्न तेरणा धरण त्यानेच भरते. भरते, खरेच. ऑक्टोबर २०२० मध्ये उपसागरातून आलेल्या कमी दाबाच्या पट्ट्याने तालुक्याला झोडपले, काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात गेले, नद्या-ओढे दुथडी वाहिले. पण धरणातले पाणी धरणाखालच्या आणि नळयोजनेच्या वाट्याला येते, माथ्यावरच्या विहिरीला नाही. शिवाय त्यात वरच्या रानांची माती असते, ती दरवर्षी धरणाच्या तळाशी बसते. साठलेल्या पाण्यातूनही ऊन आपला मोठा हिस्सा घेते, कारण इथली बाष्पीभवनाची ताकद वर्षाच्या पावसाच्या दुपटीहून जास्त आहे.

म्हणून पाणी वेगात असतानाच, माथ्यावर, त्याला वेळ काढायला लावणे हे काम उरते: समपातळीवरचे बांध, उताराला आडवी पेरणी, रुंद सरी-वरंबा. जलयुक्त शिवारात नाल्यांचे खोलीकरण जोरात झाले, त्यावर मात्र कड पाहूनच बोलावे. खोदाई मुरमात थांबली तर पाणी कडेने मुरते. यंत्र पाषाणात घुसले तर उरतो तो उघडा हौद, आणि क्वचित शेजारच्या विहिरीचा पाझर उलटा त्यातच उतरतो. मोजणीही सुधारण्यासारखी आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी चारदा घेते. हस्ताच्या एखाद्या आठवड्यात विहीर किती चढली, हे त्या चार आकड्यांत सापडणार नाही. मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे बसली आहेत. पर्जन्याच्या तक्त्यात दिवसाच्या मिलिमीटरशेजारी पाऊस किती तास पडला याचा एक रकाना घालायचा आणि त्याच मंडळातल्या एका विहिरीत पातळी सतत नोंदणारे यंत्र सोडायचे, एवढे केले तरी ६५ मिलिमीटरचे दोन दिवस कागदावर पहिल्यांदा वेगळे दिसतील.