भाताचे उत्पादन कशाने वाढते? पाच गैरसमज आणि वस्तुस्थिती

पुणे जिल्ह्यातल्या भोर-वेल्ह्यात खाचरे लहान, पाऊस धो-धो आणि लावणीला माणसे मिळेनाशी झालेली. त्यामुळे ‘यंत्र आले की सगळे सुटेल’ असे वाटणे साहजिक आहे. पण उत्पादकतेचे गणित एवढे सरळ नाही.

गैरसमज 1 : यंत्र आले की पीक वाढते.
वस्तुस्थिती : पॉवर टिलरने चिखलणी लवकर उरकते. त्यात वेळ वाचतो, म्हणजे माणशी उत्पादकता वाढते. एकरी भात आपोआप वाढत नाही. लावणी यंत्राला चटईवर वाढवलेली रोपे, सपाट खाचर आणि बेताचे पाणी लागते. ही तयारी जमली नाही, तर यंत्र बांधावरच उभे राहते. कारखान्यांतही हेच घडले. अमेरिकेतल्या कारखान्यांत वीज 1880 च्या दशकात आली, पण उत्पादकतेत मोठी वाढ दिसली ती 1920 च्या दशकात. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटर बसवून कामाची मांडणी बदलल्यावर.

गैरसमज 2 : तंत्रज्ञान म्हणजे यंत्र.
वस्तुस्थिती : बियाणे हेही तंत्रज्ञानच. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने 1966 मध्ये आयआर-8 हा बुटका वाण दिला. त्याचा आंबेमोहर-157 शी संकर करून वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने 1987 मध्ये इंद्रायणी आणला. परदेशी संशोधनाला इथल्या माणसांच्या ज्ञानाची जोड मिळाली, म्हणून तो मावळपट्ट्यात रुजला.

गैरसमज 3 : खत जास्त, तर पीक जास्त.
वस्तुस्थिती : भरल्या खाचरात फेकलेल्या युरियातला बराच नत्र पाण्याबरोबर वाहून जातो किंवा हवेत उडतो. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीत यावर उपाय आहे. दोरीवर 25 आणि 15 सेंटिमीटरच्या खुणा करून जोडओळीत लावणी करायची आणि चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची 2.7 ग्रॅमची एक गोळी 7 ते 10 सेंटिमीटर खोल खोचायची. गुंठ्याला सुमारे 630 गोळ्या, म्हणजे पावणेदोन किलोच्या आत खत लागते. खत मुळांपाशी राहते आणि पुरवून पुरवून मिळते.

गैरसमज 4 : लावणी हे अकुशल काम आहे.
वस्तुस्थिती : रोप किती दिवसांचे घ्यायचे, एका चुडात किती काड्या, किती खोल, दोरी कशी सरकवायची, या प्रत्येक निर्णयावर फुटवे अवलंबून असतात. लावणीचे बहुतेक काम बायका करतात. चारसूत्रीचे यश त्यांच्या हाताच्या अचूकपणावर ठरते.

गैरसमज 5 : जिथे कमी पिकते, तिथले लोक कमी राबतात.
वस्तुस्थिती : चीनमध्ये हेक्टरी साधारण सात टन भात होतो, भारतात चार टनांच्या आसपास. हा फरक कष्टांचा नाही. तिथले बहुतेक भातक्षेत्र ओलिताखाली आहे आणि संकरित वाणांचा वापर मोठा आहे. आपल्याच जिल्ह्यात पाहा. भाटघर धरण 1928 पासून भोर तालुक्यात आहे, पण त्याच्या पाण्यावर नीरेच्या कालव्यांखालची बारामती-इंदापूरची शेती भिजते. धरणाच्या वरच्या अंगाची बरीच खाचरे आजही पावसावरच आहेत. तिथल्या शेतकऱ्याच्या कष्टांना पाण्याची साथ नाही.

म्हणून यंत्राच्या अनुदानाइतकाच खर्च शिकवण्यावर व्हायला हवा. चारसूत्रीची प्रात्यक्षिके लावणीच्या तोंडावर, खाचरातच व्हावीत. सातबाऱ्यावर नाव नसले, तरी प्रत्यक्ष लावणी करणाऱ्या बायकांना या प्रात्यक्षिकांचे पहिले निमंत्रण जावे आणि त्या दिवसाची मजुरीही मिळावी.