दगडावर चढायचे बूट : घट्ट किती, सैल किती?

नवी कोल्हापुरी घेताना आपल्याकडे घरातले वडीलधारे एकच सांगतात, "थोडी घट्टच घे, पायात बसली की सैल होते." अथणी-निपाणीकडच्या चामड्याच्या चपलेला हा नियम बरोबर लागू पडतो. तेल लावायचे, चार दिवस ती चावते, मग पायाची होऊन जाते.

गेल्या हिवाळ्यात बदामीला प्रस्तरारोहणासाठी मुलांना नेताना आम्ही हाच नियम क्लाइंबिंग शूजना लावला आणि फसलो. एका मुलीला दोन नंबर लहान बूट घेऊन दिले. "होतील सैल" म्हणालो. ते झाले नाहीत. दुसऱ्या दिवशी तिच्या अंगठ्याचे नख काळेनिळे पडले आणि ती म्हणाली, "मला नाही जमत हे." दोष बुटांचा होता, पण तिने तो स्वतःकडे घेतला. यंदा कुठल्याच मुलावर ही वेळ येऊ नये, म्हणून ही माहिती.

गडाचे वेगळे, कड्याचे वेगळे

वल्लभगड, राजहंसगड किंवा पारगडाच्या वाटेवर माती, गवत, सुटे दगड असतात. तिथे खोल खाचांचा तळ हवा. आल्प्समध्ये १९३५ साली सहा गिर्यारोहक दगावल्यावर इटलीच्या विताले ब्रामानी यांनी असा रबरी तळ तयार केला. 'विब्रम' हे नाव त्यांच्याच नावावरून आले.

कोरड्या कड्यावर गणित उलटे होते. तिथे जितके रबर दगडाला टेकेल तितकी पकड चांगली. म्हणून क्लाइंबिंग शूजचा तळ गुळगुळीत आणि रबर मऊ, चिकट असते. बदामीच्या तांबड्या वालुकाश्मावर बोटभर कंगोऱ्यावर अंगठ्याच्या कडेने उभे राहायचे असते. बुटात पाय हलला, की कंगोरा सुटतो.

कोणता प्रकार?

नवशिक्याने सपाट तळाचेच घ्यावेत. टोक खाली वळलेले बूट पुढे झुकलेल्या अवघड कड्यांसाठी असतात. त्यांत तासभर उभे राहणेही नको होते. नाडीचे बूट पायाला नेमके आवळता येतात, वेल्क्रोचे पटकन निघतात.

माप कसे पाहावे?

- दुकानात संध्याकाळी जा. दिवसभर वापरून पाय थोडा फुगलेला असतो.
- मोजे न घालता बूट घाला. बोटे पुढे टेकून जराशी वाकावीत, एकमेकांवर चढू नयेत. टाचेत पोकळी नको.
- पायरीच्या कडेवर चवड्यावर उभे राहा. पाय आत घसरला तर बूट सैल. कळ आली तर लहान.
- वरचा भाग कशाचा आहे ते विचारा. अस्तर नसलेले चामडे वापराने बरेच ताणते. कृत्रिम कापड जवळपास ताणत नाही. आमची चूक इथेच झाली.
- नंबरावर विसंबू नका. प्रत्येक कंपनीचा साचा वेगळा. ऑनलाइन घेताना बदलून मिळतील याची खात्री करा.

मुलांसाठी

वाढत्या पायाला घट्ट बूट कधीही देऊ नका; बोटे सरळ राहिली पाहिजेत. पाय दर काही महिन्यांनी वाढतो, म्हणून महागडी जोडी घेण्यापेक्षा मंडळातल्या मोठ्या मुलांची लहान झालेली जोडी वापरावी. मात्र पुढचे रबर झिजून आतला थर दिसत असेल तर ती नको.

निगा

हे बूट घालून वाटेने चालू नका. प्रत्येक चढाईनंतर काढा. तळाची धूळ ओल्या फडक्याने पुसा, सावलीत वाळवा. बंद गाडीत उन्हात ठेवले तर डिंक सुटतो.

त्या मुलीला नंतर तिच्या मापाचे बूट मिळाले. यंदाच्या बदामीच्या यादीत तिने स्वतःहून नाव दिले आहे. निघण्यापूर्वी आपापल्या मुलांचे बूट मंडळात घेऊन या; पायरीवर उभे करून एकदा सगळे मिळून पाहू.