वरकस, दळी आणि राब : पेण-रोहे डोंगरभागातील वनमृदेची लक्षणे व नावे

रायगड जिल्ह्यातील (१९८१ पूर्वीच्या कुलाब्यातील) पेण व रोहे ह्या तालुक्यांची भूमी पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाते. धरमतरच्या खाडीलगत खारेपाट, त्याच्या वर आंबा, भोगावती व कुंडलिका ह्या नद्यांच्या काठची भातखाचरे, खाचरांच्या वर वरकस आणि सर्वांत वर रान, असा तिचा साधारण क्रम आहे. ही नावे येथील शेतकऱ्याच्या तोंडची आहेत. त्यांपैकी खारेपाटाचा अपवाद सोडला, तर एकही नाव मातीच्या गुणधर्मावरून पडलेले नाही. खाचर हे बांधबंदिस्तीचे नाव आहे, रान हे वनस्पतीचे. वरकस हे स्थानाचे आहे की प्रतीचे, हे ठरविणे तितकेसे सोपे नाही.

बोलणाऱ्याच्या कानाला वरकस ह्या शब्दात ‘वर’ आणि ‘कस’ हे दोन्ही शब्द ऐकू येतात. व्यवहारात त्याने भाताखेरीजची, डोंगरउताराची, नाचणी व वरी पिकविणारी जमीन दर्शविली जाते. महसुली दप्तरात हाच शब्द शिरला तो मात्र प्रतवारी म्हणून. भात जमिनीहून कमी आकाराची, हलकी जमीन असा त्याचा अर्थ तेथे स्थिर झाला. ह्या हलकेपणात मातीचा स्वभाव किती आणि तिला मिळालेल्या वागणुकीचा परिणाम किती, हे पाहावयाचे तर प्रथम मातीकडे वळले पाहिजे.

येथील डोंगर दख्खनच्या बेसाल्टचे, सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे आहेत. हाच खडक घाटमाथ्यापलीकडे देशावरही आहे आणि तेथे त्याची काळी, भेगाळणारी, कापसाची माती झाली आहे. एकाच खडकापासून दोन इतक्या निराळ्या मृदा का व्हाव्यात? ह्याचे उत्तर मुख्यतः पाण्यात आहे. देशावर पाऊस थोडा. खडक झिजताना सुटणारे चुना व मॅग्नेशियम तेथेच राहतात आणि त्यांच्या सान्निध्यात फुगणारी स्मेक्टाइट जातीची चिकणमाती तयार होते. कोकणात चार महिन्यांत सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस कोसळतो, उतारावरून तो झिरपून निघून जातो आणि जाताना चुन्याबरोबर सिलिकाचाही बराच भाग नेतो. मागे राहते ती न फुगणारी केओलिनाइट जातीची चिकणमाती आणि लोहाची संयुगे. हेमेटाइटमुळे मातीला तांबडेपणा येतो, गोएथाइटमुळे पिवळसर-तपकिरी छटा. बेसाल्टच्या पोकळ्यांत आढळणारी झिओलाइट खनिजे झिजताना थोडा चुना पुरवीत राहतात, म्हणून ही माती अगदीच निःसत्त्व होत नाही. दक्षिण कोकणात ही क्रिया जांभ्यापर्यंत पोहोचलेली विस्तृत प्रमाणावर दिसते. पेण-रोह्याच्या उतारांवर ती बहुधा वाटेतच थांबलेली असते.

साग, ऐन, किंजळ व खैर ह्यांच्या रानात एखादा खड्डा खणला असता वर पालापाचोळ्याचा थर लागतो. त्याखाली गडद तपकिरी, रवाळ, मुळांनी विणलेली माती. त्याखाली तांबूस, चिकणमातीचे प्रमाण अधिक असलेला मधला थर. मग मुरूम आणि अखेर खडक. मातीचा सामू किंचित आम्लधर्मी असतो, निचरा उत्तम असतो आणि वरच्या थरात सेंद्रिय कर्ब विपुल असतो. स्फुरद मात्र लोह व ॲल्युमिनियमच्या संयुगांशी जखडला जात असल्याने पिकाच्या हाती सहज लागत नाही. ह्या मृदेची श्रीमंती म्हणून जी काही आहे ती वरच्या वीतभर थरात आहे, आणि तो थर खडकाने नव्हे, झाडाने केलेला आहे. (पेणच्या गणेशमूर्ती प्रसिद्ध आहेत म्हणून येथील मातीही मूर्तीची असावी असा समज सहज होतो. परंतु मूर्तींसाठी लागणारी पांढुरकी शाडू गुजरातेतून येते. डोंगरावरील तांबूस, खडेमिश्रित मातीचे ते काम नव्हे.)

आता शास्त्रीय वर्गीकरण. भारतात मृदांच्या नकाशांसाठी सामान्यतः जी अमेरिकी पद्धत वापरतात, ती १९७५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. तिची परिभाषा बनविताना गाय स्मिथ ह्यांनी इलिनॉय विद्यापीठातील अभिजात भाषांचे प्राध्यापक जॉन हेलर व घेंट विद्यापीठातील लीमान्स ह्यांचे साहाय्य घेतले, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने विसरू नये. ग्रीक व लॅटिन धातूंचे तुकडे जोडून बनविलेली ही नावे शेवटाकडून वाचावयाची असतात. ज्या वनमृदेत रंग व घडण बदललेला मधला थर तयार झाला आहे ती हॅप्लुस्टेप्ट किंवा डिस्ट्रुस्टेप्ट. ह्यांतील ‘एप्ट’ म्हणजे आरंभ, ‘हॅप्ल’ म्हणजे साधे, आणि ‘डिस्ट्र’ म्हणजे अन्नांशाने दुबळे. जेथे असा मधला थरच नाही आणि ५० सेंटिमीटरच्या आत खडक लागतो, ती लिथिक उस्टॉर्थेंट. ह्यांतील ‘एंट’ ह्या अक्षरांना स्वतःचा अर्थ नाही. ‘रीसेंट’ ह्या इंग्रजी शब्दाचे ते शेपूट आहे. ‘उस्ट’ हा घटक मात्र दोन्ही नावांत आहे आणि त्याचा लॅटिन अर्थ ‘भाजलेले’ असा आहे. ३,००० मिलिमीटर पावसाच्या मृदेला हे नाव विसंगत वाटेल. परंतु जी मृदा वर्षातून एकंदर ९० दिवस किंवा त्याहून अधिक काळ कोरडी राहते तिला ते लावले जाते, आणि कोकणातील आठ कोरडे महिने पाहता ते अगदी योग्य आहे.

भाजण्याचा संबंध येथे आणखी एका अर्थाने आहे. ऐनासारख्या झाडांची कवळ तोडून, तिच्यावर शेण, गवत व माती ह्यांचे थर घालून उन्हाळ्यात राब भाजतात आणि त्या जागी भाताचे रोप करतात. त्यामुळे तण मरते, माती भुसभुशीत होते आणि राखेतील अन्नांश रोपाला मिळतो. हे अन्नांश मूळचे वरकसाच्या व रानाच्या मातीतले. म्हणजे डोंगराचा कस पानांच्या रूपाने दरवर्षी खाली खाचरात उतरतो. भात जमीन भारी आणि वरकस हलकी, ही दप्तरातील प्रतवारी ह्या देवघेवीनंतरची आहे. देणाऱ्यास गरीब म्हणावयाचे तर त्याने काय दिले तेही त्याच कागदावर नोंदवावयास हवे होते.

झाडोरा गेला की काय होते, हे शास्त्रीय नावांतच वाचता येते. जूनमधील पावसाच्या थेंबांचा मारा उघड्या उतारावर झाला, की वरचा थर धुपून जातो, पुढे मधलाही जातो, आणि हॅप्लुस्टेप्टची उस्टॉर्थेंट होते. मृदाशास्त्र आपले नाव बदलते. महसुली दप्तरात मात्र ती आधीही वरकस आणि नंतरही वरकसच. हलकी म्हणून जिची निगा राखली गेली नाही, ती पुढे खरोखरीच हलकी होते.

दळी ह्या शब्दाची गोष्ट ह्याहून गंभीर आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अमलाखाली जंगले राखीव होऊ लागली, तेव्हा ह्या जिल्ह्यातील कातकरी, ठाकूर व धनगर ह्यांना वनातील काही भूखंड एखाद्या नाईकाच्या नावे कसण्यास दिले गेले, तीच दळी. (कातकरी हे नाव खैरापासून काढावयाच्या कातावरून आले आहे, तो खैर ह्याच उतारांवरचा.) दळीवर काही वर्षे नाचणी, वरी, तीळ अशी पिके फिरवून मग जमीन विसाव्यास सोडण्याची रीत होती. पातळ मृदेसाठी ती शहाणपणाची होती. कारण विसाव्याच्या काळात पाचोळा पुन्हा साचून वरचा थर भरून येतो.

२००६ च्या वनहक्क कायद्याने अशा जमिनीवरील हक्क मान्य करण्याची वाट मोकळी केली. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा दाखवावयाचा असतो. त्याच्या नियमांत पुरावा म्हणून जमिनीवरील बांध, सपाटीकरण ह्यांसारख्या खुणा चालतात, तसेच गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदविलेले कथनही चालते. बांध हा खाचराचा अलंकार आहे. उतारावरच्या दळीत तो फारसा नसतो. त्यामुळे कथनाचे वजन वाढते आणि कथनातील शब्दाचेही. वृद्ध कातकरी म्हणतो की अमुक साली जमीन ‘पड टाकली’ होती. ‘पड टाकणे’ ही कसणाऱ्याची हेतुपूर्वक केलेली क्रिया आहे आणि दळीच्या फेरपालटीचे ते एक वर्ष आहे. लिहून घेणाऱ्याने त्या ठिकाणी ‘पडीक’ असे विशेषण घातले, की कर्ता नाहीसा होतो आणि जमीन कोणीच कसत नव्हते असा अर्थ कागदावर उरतो.