सोनोग्राफीच्या पडद्यामागची चिप

गर्भवतीच्या पोटावर जेल लावून डॉक्टर प्रोब फिरवतात आणि पडद्यावर बाळाचे हृदय धडधडताना दिसते. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयापासून तालुक्याच्या गावापर्यंत हे दृश्य आता नेहमीचे झाले आहे. पण प्रोब म्हणजे कॅमेरा नव्हे. तो आपल्याला ऐकू न येणारा ध्वनी शरीरात सोडतो आणि परतणारा प्रतिध्वनी टिपतो. मग चित्र तयार होते कसे?

अनेक प्रोबमध्ये १२८ बारीक स्फटिक ओळीने बसवलेले असतात. शरीरात ध्वनी सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो. एकाच ठिकाणाहून परतलेला ध्वनी जवळच्या स्फटिकाकडे आधी, लांबच्याकडे किंचित उशिरा पोहोचतो. एक मिलिमीटर जादा अंतराला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी वेळ लागतो. हा सूक्ष्म फरक जुळवला नाही, तर चित्र धूसर होते. प्रत्येक स्फटिकाचा सिग्नल सेकंदाला ४ कोटी वेळा मोजला, तर सगळे मिळून ५०० कोटींहून अधिक आकडे जमतात!

एवढे काम एकाच वेळी उरकण्यासाठी अनेक यंत्रांत 'एफपीजीए' ही चिप वापरतात. साधी चिप वेरूळच्या लेण्यासारखी असते. एकदा कोरली की बदल नाही. एफपीजीए मात्र पाटीसारखी. तिच्यातील हजारो छोट्या तर्कघटकांची आपसांतील जोडणी कारखान्यातून बाहेर पडल्यावरही नव्याने लिहिता येते. अमेरिकेत रॉस फ्रीमन यांच्या कल्पनेतून झायलिंक्स कंपनीने १९८५ मध्ये अशी पहिली चिप बाजारात आणली. तिच्यात अवघे ६४ तर्कघटक होते.

असेच काम पुणे जिल्ह्यातील खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीत चालते. तिथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशातील रेडिओ लहरी टिपतात आणि प्रत्येकीकडे लहर वेगवेगळ्या क्षणी पोहोचते. अँटेनांचे सिग्नल आकड्यांत बदलण्यासाठी तिथे एफपीजीएचे बोर्ड वापरतात. पुढचे गणित ग्राफिक प्रोसेसर करतात. पोटातले बाळ असो की दूरची दीर्घिका, वेळ जुळवण्याचे कोडे सारखेच.

रुग्णाच्या दृष्टीने याला मोठे महत्त्व आहे. चिपमधील रचना बदलता येत असल्याने काही सुधारणा किंवा दोषदुरुस्ती नवे यंत्र न घेताही करता येते. मात्र वीज गेली की बहुतेक एफपीजीए आपली रचना विसरतात आणि सुरू होताना ती शेजारच्या मेमरीतून पुन्हा वाचतात. ती फाइलच बिघडली, तर चिप धडधाकट असूनही यंत्र बंद! आणि ती फाइल सहसा कंपनीकडेच असते.

म्हणून रुग्णालयाने यंत्र घेताना किमतीबरोबर तीन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात: सॉफ्टवेअरच्या सुधारणा किती वर्षे मिळतील, सुटे बोर्ड किती काळ उपलब्ध राहतील आणि बिघाड झाल्यास अभियंता किती दिवसांत येईल. अनधिकृत माणसाकडून त्यात फेरफार करून घेऊ नये. दारात तपासणीसाठी आलेली गर्भवती यंत्र दुरुस्त होईपर्यंत थांबू शकत नाही.