रूम पार्टनर, फडकं आणि जिवाणू

खोपोलीत कारखान्याच्या शिफ्टसाठी तिघांनी मिळून घेतलेली भाड्याची खोली. बाहेर कर्जत-खालापूरचा जुलैतला पाऊस. एक पार्टनर संडासातून येतो आणि हात न धुता थेट कुकर उघडतो. त्या दिवसापासून दाराची कडी, नळ, रिमोट, सगळंच आपल्याला संशयास्पद वाटू लागतं.

पण जिवाणूंना वाढायला ओल आणि खाणं लागतं. कोरड्या कडीवर ते तग धरतील, पण त्यांचा संसार वाढत नाही. तो वाढतो ओट्यावरच्या चिकट, ओल्या फडक्यात. ऊब आणि अन्न मिळालं, तर ई. कोलायच्या एकाचे दोन व्हायला वीसेक मिनिटं पुरतात. या हिशेबाने सात तासांत एकाचे वीस लाख! जर्मन संशोधकांनी 2017 साली भांडी घासायचे 14 वापरलेले स्पंज तपासले, तेव्हा काही जागी एका घन सेंटिमीटरमध्ये 5 हजार कोटींहून जास्त जिवाणू दिसले. अर्थात, सगळेच रोग पसरवत नाहीत.

म्हणून अख्खी खोली फिनेलने धुण्यापेक्षा तीन गोष्टी सांभाळा. स्वयंपाकाआधी आणि संडासानंतर साबणाने 20 सेकंद हात चोळा. फडकं उकळत्या पाण्यातून काढा आणि ऊन नसेल तर पंख्याखाली पसरून वाळवा. ओट्याचं फडकं वेगळं, फरशीचं वेगळं ठेवा. ब्लीचिंग पावडरीत ॲसिड मात्र कधीच मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

आणि हो, मोरीवर साबणाची वडी ठेवून पार्टनरशी एकदा स्पष्ट बोला.